एका डॉलरमागे अठ्ठावन्न सेंट

(कष्टकरी स्त्रियांच्या प्रश्नांवरील अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

संयोजकांनी मला ‘अमेरिकेतील लॅटिना स्त्रिया आणि विषमता’ हा विषय दिला आहे. फळ्यावर तो लिहिलेला पाहून काल जेवताना बीडच्या एका कार्यकर्तीनं विचारलं, “ताई, आपल्या ऊसतोडीच्या बाया सोडून अमेरिकेतल्या बायांचं आपण काय करायचं?” प्रश्न रास्त आहे. अमेरिका म्हटलं की आपल्यापुढे डॉलर येतात, मोटारी येतात, फार तर नात्यातली तिकडे गेलेली मुलं येतात. त्या देशातली द्राक्षं कोण तोडतं, हॉटेलातल्या चादरी कोण बदलतं, नोकरीवर जाणाऱ्या बाईचं मूल दिवसभर कोण सांभाळतं, हे येत नाही. ही कामं फार मोठ्या प्रमाणावर लॅटिना बाया करतात. त्यांना कमी पैसे का मिळतात याचा माग काढत गेलं की आपल्याकडच्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या उजेडात दिसायला लागतात. म्हणून मी हा विषय घेतला.

लॅटिना कुणाला म्हणायचं, हे आधी सांगते. मेक्सिकोपासून खाली अर्जेंटिनापर्यंतचे देश आणि क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्टो रिको ही बेटं, इथलं मूळ असलेल्या बाया म्हणजे लॅटिना. अमेरिकेत या समाजाची लोकसंख्या आज साडेसहा कोटींहून जास्त आहे, म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ एक. पण ‘आदिवासी’ म्हटलं की वारली, कातकरी, गोंड, भिल्ल सगळे जसे एका पोत्यात भरले जातात, तसंच याही शब्दाचं होतं. ग्वाटेमालातून गेल्या वर्षी आलेली माया भाषा बोलणारी बाई आणि मायामीतली सुखवस्तू क्युबन बाई, दोघी लॅटिनाच. आणि सगळ्याच काही बाहेरून आलेल्या नाहीत. १८४८ मध्ये युद्ध हरल्यावर मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख अमेरिकेकडे गेला. तिथल्या माणसांनी घर सोडलं नव्हतं, देश बदलला होता. आम्ही सरहद्द ओलांडली नाही, सरहद्दच आमच्यावरून गेली, असं ते लोक म्हणतात. पोर्टो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तिथली माणसं १९१७ पासून अमेरिकेची नागरिक आहेत. तरी न्यूयॉर्कमध्ये पोर्टो रिकन बाईला ‘तू कुठून आलीस’ हे विचारलं जातंच.

आता आकडे. वर्षभर पूर्णवेळ काम करणारी लॅटिना बाई गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे साधारण ५८ सेंट मिळवते. अर्धवेळ आणि हंगामी काम करणाऱ्या धरल्या तर हा आकडा पन्नासच्या थोडाच वर राहतो. गोऱ्या बाईला सुमारे ८० सेंट मिळतात, काळ्या बाईला ६५ ते ७०. तिथल्या संघटना दरवर्षी ‘लॅटिना समान वेतन दिन’ पाळतात. गोऱ्या पुरुषानं गेल्या वर्षभरात जे कमावलं, तेवढं कमवायला लॅटिना बाईला या वर्षीचे आणखी किती महिने राबावं लागेल, ते मोजून हा दिवस ठरतो. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो. म्हणजे पुरुषाच्या एका वर्षाला बाईची जवळजवळ दोन वर्षं. आपल्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल नवऱ्याच्या हातात पडते. तिथं निदान हिशेब मांडता येतो, एवढाच काय तो फरक.

एवढी दरी का, असं विचारलं की ठरलेली उत्तरं मिळतात. त्यांचं शिक्षण कमी. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांच्यात मुलं फार. त्यांच्यातले पुरुष फार मर्दानगी गाजवतात, बायांना पुढे येऊ देत नाहीत. त्यांची संस्कृतीच तशी. मैत्रिणींनो, ही वाक्यं आपल्याला नवी नाहीत. मुसलमान बायांविषयी, पारधी बायांविषयी, झोपडपट्टीतल्या बायांविषयी आपण ती रोज ऐकतो. शिक्षणाचा मुद्दा खोटा नाही, पण अपुरा आहे. गेल्या काही दशकांत लॅटिना मुली मोठ्या संख्येनं कॉलेजात गेल्या. पदवी घेतली तरी गोऱ्या पदवीधर पुरुषाशी असलेली दरी मिटत नाही. ब्रॉन्क्समधल्या सरकारी वसाहतीत वाढलेली, पोर्टो रिकन आईबापांची मुलगी सोनिया सोटोमायोर २००९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाची न्यायमूर्ती झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण एक बाई वर पोचली म्हणून जिना सगळ्यांसाठी खुला झाला असं होत नाही. घरातली पुरुषसत्ताही खरी आहे आणि तिथल्या बाया तिच्याशी भांडतात. पण ५८ सेंटांचा हिशेब लावायचा तर आधी घरात डोकावू नका. कायद्याचं पुस्तक उघडा.

१९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेत कामगारांचे मोठे कायदे झाले. १९३५ च्या कायद्यानं युनियन करण्याचा हक्क दिला. १९३८ च्या कायद्यानं किमान वेतन आणि जादा कामाचा जादा पैसा दिला. जगभर त्यांचं कौतुक झालं. पण दोन्हीतून दोन प्रकारचे कामगार वगळले होते : शेतमजूर आणि घरकामगार. याच वर्षांतल्या म्हातारपणाच्या पेन्शनमधूनही त्यांना बाहेर ठेवलं होतं. दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या प्रतिनिधींची मतं हवी होती आणि त्यांच्याकडे राबणारी माणसं काळी होती. नैर्ऋत्येकडच्या शेतांत मेक्सिकन होती. कायद्यात वंशाचं नाव नाही, बाईचं नाव नाही, फक्त कामाचं नाव आहे. पण ते काम कोण करतं हे सगळ्यांना माहीत होतं. घरकामगारांना किमान वेतन मिळायला १९७४ उजाडलं. मालकाच्याच घरी राहून काम करणाऱ्या बाईला जादा कामाचा दर देण्याचं बंधन देशपातळीवरच्या कायद्यात आजही नाही, शेतमजुरांनाही नाही.

त्याच १९३८ सालची एक गोष्ट सांगते. टेक्सासमध्ये सान अँटोनियो नावाचं शहर आहे. तिथं पेकन फोडण्याचे कारखाने होते. पेकन म्हणजे अक्रोडाच्या जातीचं फळ. कोंदट शेडमध्ये बाकांवर बसून बाया दिवसभर कवचं फोडायच्या. कवचाची बारीक धूळ छातीत जायची, क्षयाचं प्रमाण भयंकर होतं. आपल्या कोकण-गोव्याकडच्या काजू फोडणाऱ्या बाया किंवा सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बाया डोळ्यांपुढे आणा. मजुरी नगावर नाही तर वजनावर, आणि आठवडाभर राबून हातात दोन-तीन डॉलर. त्या जानेवारीत मालकांनी पौंडामागे एक सेंट कापला. एक सेंट! सुमारे १२,००० कामगार बाहेर पडले, त्यांत बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बाया. त्यांची पुढारी होती एमा टेनायुका, वय एकवीस. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकडो जणींना अटक झाली. एमा कम्युनिस्ट होती, म्हणून युनियनच्या वरच्या लोकांनी तिला संपाच्या पुढारपणावरून बाजूला केलं. ती मात्र पडद्यामागून काम करत राहिली. अखेर मालकांना तडजोड करावी लागली. पण पुढे काय झालं बघा. त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तासाला २५ सेंट द्यावे लागणार, तेव्हा मालकांनी यंत्रं आणली आणि हजारो बायांचं काम गेलं. एमाला त्या गावात कुणी नोकरी देईना. तिला शहर सोडावं लागलं. पुष्कळ वर्षांनी ती परत आली आणि शिक्षिका झाली.

ही गोष्ट मी जिंकल्याची म्हणून सांगत नाही आणि हरल्याचीही नाही. आपल्याकडे १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींचा संप झाला, तेव्हाही वरून कुणी हुकूम दिला नव्हता. बायाच उठल्या होत्या. असे संप इतिहासात चटकन हरवतात, कारण ते लिहिणाऱ्या बाया घरी भांडी घासत असतात.

शेतमजुरांकडे वळू. डोलोरेस उएर्ता हे नाव लिहून घ्या. १९३० चा जन्म. १९६२ मध्ये तिनं सेझार चावेझबरोबर कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांची संघटना स्थापन केली. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानो भागात द्राक्षबागांतला संप सुरू झाला. सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली आणि मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. नाशिककडच्या मैत्रिणींना द्राक्षबागेतलं काम समजावून सांगायला नको. तिथं शेतात संडास नव्हते. बाया एकमेकींभोवती चादर धरून उभ्या राहायच्या. पाच वर्षं हा लढा चालला, देशभर लोकांनी द्राक्षं खाणं बंद केलं आणि १९७० मध्ये बागायतदार करारावर सह्या करायला बसले. समोर वाटाघाटीला डोलोरेस होती. ती अकरा मुलांची आई. मुलांना घेऊन गावोगाव फिरते म्हणून तिच्यावर टीका झाली. चावेझला मुलं आठ होती, त्याला तो प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. १९७२ मध्ये अॅरिझोनात लोक म्हणायला लागले, इथं काही होणार नाही. तेव्हा ती म्हणाली, “सी, से पुएदे”, म्हणजे होय, होऊ शकतं. पुढे हे वाक्य बराक ओबामांच्या निवडणुकीत इंग्रजीत आलं. १९८८ मध्ये सान फ्रान्सिस्कोत शांतपणे निदर्शनं करताना पोलिसांच्या काठीनं तिच्या बरगड्या मोडल्या. तिचं वय तेव्हा ५८ होतं.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियानं शेतमजुरांना युनियनचा कायदेशीर हक्क दिला, म्हणजे बाकीच्या कामगारांनंतर चाळीस वर्षांनी. त्याच वर्षी आखूड दांड्याचं खुरपं तिथं बंद झालं. त्यानं दिवसभर कमरेत वाकून काम करावं लागे आणि तिशीतच पाठ जाई. मालकांचं म्हणणं असं की लांब दांडा दिला तर कोण काम करतंय आणि कोण उभं आहे ते लांबून कळत नाही.

कायदा झाला म्हणजे बांधावर पोचला असं मात्र नाही. उन्हात काम करणाऱ्यांना पाणी, सावली आणि विश्रांती द्यायचा नियम कॅलिफोर्नियात २००५ मध्येच झाला. २००८ च्या मे महिन्यात एक सतरा वर्षांची मेक्सिकन मुलगी द्राक्षबागेत नऊ तास काम करून कोसळली आणि दोन दिवसांनी गेली. ती दोन महिन्यांची गरोदर होती. मुकादमाच्या जाचाचंही तसंच. काम देणारा तोच, हजेरी मांडणारा तोच, ने-आण करणारी गाडी त्याचीच, आणि कागदपत्रं नाहीत हे ठाऊक असलेलाही तोच. बाई कुणाकडे जाणार? २०१७ मध्ये हॉलिवूडमधल्या नट्यांनी लैंगिक छळाबद्दल तोंड उघडलं, तेव्हा शेतमजूर बायांच्या राष्ट्रीय आघाडीनं, ‘आलियान्सा नासिओनाल दे काम्पेसिनास’नं, सुमारे सात लाख शेतमजूर बायांच्या वतीनं त्यांना पाठिंब्याचं जाहीर पत्र लिहिलं. मला त्या पत्राचं फार अप्रूप वाटतं. ज्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही त्यांनी ज्यांच्यावर तो सतत असतो त्यांना धीर दिला.

आता मी ज्या मुद्द्यावर जास्त वेळ घेणार आहे तो शरीराचा आहे. विषमता म्हटलं की आपण पगाराकडे जातो, पण बाईला किती मुलं व्हावीत हेही दुसऱ्यांनी ठरवणं ही विषमताच. पोर्टो रिकोत विसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी उत्तेजनानं बायांच्या नसबंदीचा एवढा प्रसार झाला, की १९६५ च्या पाहणीत विवाहित बायांपैकी सुमारे एक तृतीयांश बायांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. तिथं तिला नुसतं ‘ला ओपेरासिओन’, म्हणजे ऑपरेशन, म्हणत. आपल्याकडेही ‘ऑपरेशन झालं का?’ असं विचारलं की कुठलं ते सांगावं लागत नाही. गर्भनिरोधक गोळीच्या मोठ्या चाचण्याही १९५६ मध्ये तिथल्याच गरीब वस्तीत सुरू झाल्या. गोळीचा डोस खूप जास्त होता. आपल्यावर प्रयोग होतोय, हे बायांना सांगितलं नव्हतं.

मग लॉस अँजेलिस. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाला आलेल्या मेक्सिकन बायांच्या हातात कळा सुरू असताना कागद दिले जात. कागद इंग्रजीत. सही केलीस तर दुखणं थांबेल, असं काहींना सांगितलं. काहींना घरी गेल्यावर, काहींना कित्येक महिन्यांनी कळलं की आपल्याला आता मूल होणार नाही. तिथल्याच एका तरुण डॉक्टरनं ही माहिती बाहेर काढली. दहा बायांनी खटला भरला, ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’. त्यांची वकील अँटोनिया एर्नांडेझ नुकती कायदा शिकून बाहेर पडलेली. १९७८ मध्ये निकाल लागला आणि बाया हरल्या. न्यायाधीशांनी काय म्हटलं ते ऐका. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, भाषेमुळे गैरसमज झाला. आणि या बायांना एवढं दुःख झालं ते त्यांच्या संस्कृतीमुळे, कारण त्यांच्यात मूल होण्याला फार महत्त्व. ते डॉक्टरांना कसं ठाऊक असणार? बायांच्या बाजूनं साक्ष द्यायला एक मानववंशशास्त्रज्ञ आले होते. नुकसान किती खोल आहे हे त्यांनी समजावून सांगितलं. तीच साक्ष उलटी फिरवली गेली. संमती घेतली की नाही, हा साधा प्रश्न. त्याचं उत्तर ‘तुमची संस्कृती’ असं आलं.

कोर्टात हरल्या, तरी त्या बायांमुळे स्पॅनिशमध्ये संमतिपत्रं आली आणि सही व शस्त्रक्रिया यांत ठरावीक दिवसांचं अंतर ठेवण्याचे नियम झाले. या नियमांसाठी न्यूयॉर्कमध्ये झटणाऱ्यांत डॉ. हेलन रोड्रिगेझ-त्रियास ही पोर्टो रिकन बालरोगतज्ज्ञ पुढे होती. पुढे १९९३ मध्ये ती अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघटनेची अध्यक्ष झाली, ते पद मिळवणारी पहिली लॅटिना. आणि इथं आपल्यासाठी विचार करण्यासारखी गोष्ट आहे. या नियमांना विरोध कुणी केला? नुसत्या डॉक्टरांनी नाही. स्त्रीवादी चळवळीतल्या काही मोठ्या संघटनांनीही केला. गोऱ्या मध्यमवर्गीय बाईला नसबंदी हवी असली तर डॉक्टर तिला ‘तुझं वय किती, मुलं किती’ म्हणून परत पाठवत. तिला वाट बघायची नव्हती, मागितल्याबरोबर हवी होती. तिच्या दृष्टीनं तो स्वातंत्र्याचा प्रश्न. गरीब लॅटिना बाईच्या दृष्टीनं तीस दिवसांची मुदत हेच संरक्षण. दोघी बाया, दोघींचा विषय आपल्या शरीरावरचा हक्क हाच, आणि मागण्या एकमेकींच्या आड येणाऱ्या. मग ‘स्त्रीची मागणी’ म्हणून कागदावर कुठली लिहायची?

माझं मत मी लपवत नाही. जिच्यावर जबरदस्ती होऊ शकते तिच्या बाजूनं नियम व्हायला हवा, दुसरीची थोडी गैरसोय झाली तरी. आपण ऐंशीच्या दशकात नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेरा इंजेक्शनांविरुद्ध उभ्या राहिलो, तेव्हा ‘बायांची निवड तुम्ही का हिरावता’ असं आपल्यालाही ऐकवलं गेलं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची प्रकरणं गाजली. त्यांच्याही सह्या कागदांवर होत्याच की.

चळवळीतल्या या तिढ्यातूनच १९८१ मध्ये चेरी मोरागा आणि ग्लोरिया अॅन्झाल्डुआ या दोघी चिकाना, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, लेखिकांनी काळ्या, लॅटिना, आशियाई, मूळनिवासी बायांच्या लेखनाचा एक संग्रह काढला. त्यांचा रोख गोऱ्या स्त्रीवादावर होता : तुम्ही ‘आम्ही बाया’ म्हणता तेव्हा आम्ही त्यात असतो का? आपल्याकडे नव्वदच्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतंत्र संघटना बांधताना हेच विचारलं. तेव्हा ‘फूट पाडताय’ म्हणून कुरकुर करणाऱ्या आपल्यातल्याच होत्या.

आता घरकाम. माझी भाची न्यू जर्सीत राहते, दोघंही संगणकात. काही वर्षांपूर्वी मी तिच्याकडे दोन महिने होते. दर पंधरवड्याला एक इक्वेडोरची बाई घर साफ करायला यायची. भाची चांगली मुलगी, ती त्या बाईशी हसून बोलायची, दिवाळीला फराळही द्यायची. मी विचारलं, ती आजारी पडली तर? “मावशी, मग ती त्या दिवशी येत नाही आणि आपण पैसे देत नाही. इथं असंच असतं.” इथं म्हणजे कुठं, असा मला प्रश्न पडला, कारण हे वाक्य मी कोथरूडमध्ये ऐकलं होतं. अमेरिकेत घरकामगार बावीस लाखांच्या आसपास आहेत, दहांत नऊ बाया, आणि घरं साफ करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लॅटिना. नोकरदार बाई पुरुषाच्या ८० सेंटांपर्यंत पोचली, त्यात तिची जिद्द आहेच. पण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिचं घर आणि मूल दुसऱ्या बाईनं सांभाळलं, नवऱ्यानं नव्हे, हेही त्यात आहे. ८० आणि ५८ हे दोन वेगळे आकडे नाहीत. एकात दुसऱ्याचा वाटा आहे.

या बायांना एकत्र आणणं किती अवघड ते घरकामगार संघटनेत काम करणाऱ्या तुम्हाला सांगायला नको. एका छताखाली शंभर कामगार नाहीत, शंभर छतांखाली एकेक आहे. तरी ते झालं. सान फ्रान्सिस्कोत ‘मुहेरेस उनिदास इ आक्तिवास’ ही लॅटिना बायांची संघटना १९९० च्या सुमारास सुरू झाली. त्यांची बैठक गाऱ्हाण्यांच्या गोल रिंगणानं सुरू होई. कुणी नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोले, कुणी मुलाच्या शाळेबद्दल. त्यातून मालकाकडे थकलेल्या पगाराचं बोलणं निघे. घरातली हिंसा आणि कामातली लूट हे दोन वेगळे विभाग त्यांनी पाडलेच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये कॅरिबियन, लॅटिना, आफ्रिकी आणि आपल्या दक्षिण आशियाई घरकामगार बायांनी सहा वर्षं राज्याच्या राजधानीला खेटे घातले, तेव्हा २०१० मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा तिथला पहिला कायदा झाला. आठवड्यातून एक सुटी, वर्षभर काम केल्यावर तीन दिवस भरपगारी रजा, चाळीस तासांवर जादा दर (घरीच राहणाऱ्या बाईला चव्वेचाळीसवर) आणि लैंगिक छळापासून संरक्षण, आणि हे सगळं कागदपत्रं असोत वा नसोत. तीन दिवस रजा! एवढ्यासाठी सहा वर्षं.

कागदपत्रांचा उल्लेख आला, तर तेवढं सांगून थांबते. वैध कागद नसलेल्या कामगाराला कायद्यानं किमान वेतन मिळतं. पण युनियन करते म्हणून तिला काढलं तर बुडालेला पगार तिला मागता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. म्हणजे मालकाला कायदा मोडणं स्वस्त पडतं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईची कोंडी तर आपल्या मुलीही ओळखतात. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याच्या मदतीविना स्वतः अर्ज करता यावा, ही तरतूद १९९४ च्या हिंसाविरोधी कायद्यात आली. पण ती नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या नवऱ्यांच्या बायकांपुरती. न्यू जर्सीत १९८५ पासून काम करणाऱ्या ‘मानवी’ या दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संस्थेकडे मराठी मुलीही जातात. लॅटिना बाई आणि आपली मुलगी एकाच कलमाखाली मदत मागत असतात.

लॉस अँजेलिसच्या शिवण कारखान्यांत लॅटिना बायांना नगावर पैसे मिळायचे, बाहीला काही सेंट, कॉलरला काही सेंट. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा करून ही पद्धत बंद केली आणि बुडवलेल्या मजुरीसाठी कपड्यावर ज्याचं लेबल आहे त्या कंपनीलाही जबाबदार धरलं. घरी बसून पापड लाटणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायांच्या संघटनांनी तो कायदा मुळातून वाचायला हवा. आणि मग २०२५ चा जून आला. त्याच शहराच्या कपडा-बाजारात सरकारच्या स्थलांतर खात्यानं धाडी घातल्या, माणसं कामावरून उचलली. २०२१ चा कायदा पुस्तकात तसाच आहे. तक्रार करायला दारात जायला बाई घाबरते.

आज दुपारच्या गटचर्चेसाठी मी न्यूयॉर्कच्या २०१० च्या कायद्यातली मुख्य कलमं मराठीत लिहून आणली आहेत, आणि शेजारच्या रकान्यात आपला २००८ चा महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा. आपला कायदा नोंदणीचा आणि मदतीचा आहे, त्यात मंडळ देतं. तिथं मालकाला द्यावं लागतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा २०११ चा करार, क्रमांक १८९, भारतानंही स्वीकारलेला नाही आणि अमेरिकेनंही नाही, तोही सोबत जोडला आहे. प्रत्येक गटानं एक कलम घ्यावं आणि आपल्या वस्तीतल्या चार घरकामगार बायांना ते लागू केलं तर त्यांच्या महिन्याच्या हिशेबात काय बदलेल, ते रुपयांत लिहून आणावं. कागद मागच्या टेबलावर ठेवले आहेत.